वाऱ्याच्या उलट पाच ओळी

देवसिंग गेल्याचा फोन आला तेव्हा, इरा, मी तुझ्या शाळेच्या परिच्छेदातले स्वल्पविराम तपासत होते. त्याला दीड महिना झाला. तुला आणि तुझ्या भावाला, ओमला, तेव्हा फोनवर सांगता आलं नाही, ते लिहून ठेवते आहे.

कळंबजवळच्या तांड्यावरचा देवसिंग वीस वर्षं आपल्या कपाशीवर फवारणी करत होता. मी इंग्रजीची मास्तरीण, शिस्तीची. पण त्याची शिस्त माझ्याहून कडक. वारा पाठीशी घेऊनच तो ओळ मारायचा, टोकाला पोचला की पंप बंद, आणि तसाच कोरडा परत यायचा. बाकीचे चिडवायचे, ‘पाहा, मंत्री चालले फिरायले!’ तो म्हणायचा, ‘हासा. मले घरी जाऊन जेवाचं आहे.’

सप्टेंबरात तू विचारलंस, बारीक तुषाराचं इंग्रजीत वर्णन कसं करायचं? मी म्हटलं, आधी पाहायचं, मग लिहायचं. मिस्ट तरंगतं, स्प्रे जोरानं सुटतो, दोन्हींना एक क्रियापद चालत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वही घेऊन पश्चिमेच्या बांधावर खुर्ची टाकून बसले. पण वारा पश्चिमेचा, त्यामुळे देवसिंग माझ्याकडे पाठ करून उगवतीकडे चाललेला. तुषार त्याच्या पुढे. मला नुसता पाठीवरचा पंप दिसायचा. मी हाक मारली, “देवसिंग, येतानाही मारत ये ना. उन्हात कसं दिसतं ते नातीला लिहून पाठवायचंय.”

तो थांबला. वाऱ्याचा अंदाज घेतला... “इंग्रजीत लिवता का, बाई?”

“हो.”

“मंग येतो. पोरीले सांगा, देवसिंग हिरोवानी दिसते म्हना!”

मागून कोवळं ऊन, आणि त्याच्या तोंडावर, नाकाला बांधलेल्या दस्तीवर, छातीवर सोनेरी होऊन परत येणारा तो तुषार. माझ्यापर्यंत त्यातला थेंबही आला नाही. एक ओळ पुरली असती. पण मला नेमकं क्रियापद सापडत नव्हतं, मी वहीत डोकं घालून खोडत राहिले आणि थांब म्हणायचं राहून गेलं. त्यानं पाच ओळी तशाच मारल्या. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, यवतमाळला नेलं, तिसऱ्या दिवशी... डॉक्टर म्हणाले, हंगामभराचं विष अंगात साठलेलं असतं, त्या एका सकाळीमुळेच झालं असं सांगता येत नाही. त्या सकाळीमुळे झालं नाही, असंही त्यांना सांगता आलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याची बायको शांती आली. मी तिला सगळं सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. “दवाखान्यात सांगत होता तो. बाईनं माह्यावर लिवलं म्हने, इंग्रजीत. वाचून दाखवा ना, बाई. काय लिवलं त्याच्यावर?”

मी वही उघडली. पानांवर टेकणारे थेंब, तिरपं ऊन, हवेत रेंगाळणारा विरळ पडदा... व्याकरणाची एकही चूक नव्हती. देवसिंग त्यात कुठंच नव्हता.

शांती पदर सावरून ऐकायला बसली. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, पण तो नसलेलं ते पान मला तिला वाचून दाखवता आलं नाही.

वही अजून टेबलावर त्याच पानाशी उघडी आहे.