चूलबंद लिहिलेली ओळ

मी स्वयंपाकात कच्ची आणि हिशेबात पक्की. म्हणून लेकीच्या बारशाला औंढ्याच्या घरी किती तांदूळ लागेल, ते काढायचं काम सासूबाईंनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी खुशीत लॅपटॉप उघडला. साध्या मजकुराच्या फाइलीत वर घरांचा तक्ता मांडला आणि त्याला ‘आवतण’ असं नाव दिलं. खाली कोडचा छोटा तुकडा लिहिला. त्याला तक्त्याचं नाव सांगितलं की तो वरची माणसं मोजतो आणि तांदूळ किती ते खाली छापतो. तक्ता बदलला की कोड पुन्हा चालवायचा, बस्स.

सासूबाई सुपात डाळ निवडत घरं सांगत होत्या, मी टाइप करत होते. कुठे घरटी एक, कुठे जोडीनं. भावकी आणि शेजारपाजार मात्र चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटवायचीच नाही, अख्ख्या घरानं आपल्याकडे जेवायचं. मीही आकड्याच्या जागी ‘चूलबंद’ लिहून मोकळी झाले.

उत्तर ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. "एवढ्यात? आगं, आपली आळी तरी जेवंल का?"

कोडनं आकडा नसलेल्या ओळी खुशाल सोडून दिल्या होत्या. सगळ्यात जवळची माणसंच उपाशी! मी म्हटलं, "आत्या, त्या घरांत माणसं किती, तेवढं सांगा."

"चूलबंद सांगितल्याव मानसं मोजत्यात व्हय? त्यांचा पाव्हणा आला तर माघारी धाडायचा? घरटी धा धर."

मग ‘चूलबंद’ दिसलं की दहा धरायचे, असं कोडला शिकवलं. आकडा चांगला दणदणीत झाला. सासूबाईंनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या. ती माझ्या माहेरची होती. पुढे दोन.

"ह्ये दोनच का?"

"आई आणि भाऊ. बाबा नाही यायचे, आत्या."

लग्न झाल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. नातीचा फोटोही त्यांनी मागितला नव्हता.

"यायचं का न्हाई त्ये त्यांनी ठरवावं. किती धरायचं त्ये आपन ठरवायचं. चूलबंद लिव."

फोनही त्यांनीच लावला, थेट बाबांना. मी दोन पुसून शब्द लिहिला, कोड चालवला आणि रडले. त्या बाईचे उपकार माझ्याच्यानं फिटणार नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

बारशाला आई आली, भाऊ आला, आणि त्यांच्यामागून काका-काकूंना घेऊन बाबा आले. लेकीला कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसले. पंगतीत सासूबाई भात वाढायला वाकल्या, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "आम्ही असे एवढे सगळे आलो. तुमची पंचाईत तर नाही ना केली?"

"पंचाईत कसली, पाव्हणं? तुमाला धरूनच शिजवलंय."