धान्यावाचूनची वही

माझ्या मोरीत मुंग्यांची रांग लागली, तेव्हा अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली आणि इकडे आमच्या बाजारात कापसाच्या गाड्या मावत नव्हत्या. मी वकील. सौद्यांच्या भांडणांवर माझं बरं चाललं होतं, आणि खटला जिंकलेला प्रत्येक पक्षकार जिलब्यांची परात घेऊन दारात यायचा. मी कधी कोणाला नाराज केलं नाही.

मग एका गाडीची खीळ पायात घुसली. एवढीशी जखम, पण दोन महिने झाले तरी भरेना. वैद्यबुवांनी मोरीत लघवीला लागलेल्या मुंग्या पाहिल्या आणि सरळ सांगितलं, की हा मधुमेह. सहा महिने भात, पोळी, भाकरी, गूळ, साखर, सगळं बंद. नाहीतर आधी पाय जाईल आणि मागोमाग तुम्ही. भाकरीवाचून माणूस जगतो, हेच मला ठाऊक नव्हतं. बायको डोळ्यांना पदर लावून विचारू लागली, की मग ताटात वाढू तरी काय?

घरात माझी आत्या होती. बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. ती म्हणाली, याचं ताट मी पाहीन.

आणि तिनं पाहिलं. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्यांऐवजी कुटलेले तीळ. किसलेला दुधी दह्यात कालवून वर जिऱ्याची फोडणी. ताकातला चुका. सगळ्यांचा स्वयंपाक उरकला, की उरलेल्या निखाऱ्यांवर तिचं काम व्हायचं. एक लाकूड जास्तीचं लागायचं नाही. तिसऱ्याच दिवशी माझं डोकं फिरलं. मी ताट भिरकावलं आणि ओरडलो, हे काय माणसाचं जेवण आहे? तिनं भिंतीवरचं दही पुसलं आणि दुसरा दुधी किसायला घेतला.

चौथ्या महिन्यात जखम भरली. वैद्यबुवांनी पाय दोनदा उलटसुलट करून पाहिला. त्यांचाही विश्वास बसेना. ही बातमी अमरावतीपर्यंत गेली. तिथल्या गुळातुपावर सुटलेल्या दोन दलालांनी माणूस पाठवून पाककृती मागवल्या. माझ्या मनानं घेतलं, की याचं पुस्तकच शिळाछापावर काढावं. वर अर्थातच माझं नाव.

म्हणून मी वही आणि बोरू घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. चाळीसेक प्रकार झाले तरी तिचं संपेना. शेवटी प्रस्तावनेसाठी म्हणून मी विचारलं, की हे सगळं ती शिकली कोणाकडे.

"शिकाले काय लागते," ती म्हणाली. "संध्याकाळी धान्य नाई, चातुर्मासात तं दिवसाही नाई. बारा वर्सांची होती, तवापासून हेच खाऊन राहिली मी."

मला धक्काच बसला. जन्मापासून मी तिच्यासोबत एकाच घरात राहत होतो. तिच्या हातचं खाऊन वाढलो, पण तिच्या पानात काय असतं, ते एकदाही पाहिलं नव्हतं. कोणी सांगितलं तुला, असं मी विचारलं. मला स्वतःची लाज वाटली, कारण उत्तर मला माहीत असायला हवं होतं.

"आधी बाबानं सांगतलं, मंग दादानं, तुह्या बापानं. तुले तं सांगाचं कामच नाई पडलं." मग ती माझ्या पायाकडे पाहून म्हणाली, "तुले वैद्यानं सहा महिने सांगतले. मले कोनी दिवस नाई सांगतले."

एवढं बोलून ती निखारे सारखे करू लागली. संध्याकाळच्या भाजीची वेळ झाली होती. मी वही मिटली. ते पुस्तक मी छापलं नाही. कारण वर कोणाचंही नाव घातलं, तरी मला आठवत राहिलं असतं, की तिचंच जेवण तिच्यासमोर भिरकावून, हे माणसाचं आहे का, असं मी तिलाच विचारलं होतं.