थर्माकोलची दारं
तापलेल्या तारेनं थर्माकोल कापल्याचा वास आला की कॉलेजातली ती सुट्टी आठवते. जग संपल्यानंतरच्या लढाईचा खेळ आम्ही मित्र प्लायवूडवर मांडायचो. माणसं एम-सीलची, ओसाड गाव थर्माकोलचं. प्रत्येक घराला मी हौसेनं मोडकं दार चिकटवलं होतं. डिंभे धरणात गाव गेलेले माझे वडील ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “लई झ्याक केलंय, पण दारं चुकली. पाणी यायच्या आधी आमी दारं चौकटीसकट काढून आणली व्हती.” मग माझ्याच ब्लेडनं त्यांनी एकेक दार अलगद सोडवलं. आमच्या पत्र्याच्या बुटक्या घराला एवढं जाडजूड सागवानी दार का, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. आता घर स्लॅबचं झालंय; दार तेच आहे.