गुलाबसिंगनं जमवलेली बेडकांची सोयरीक

किन्हीराजा गावाच्या आसपास कुणाची पोरगी लग्नाची झाली, की बाप आधी गुलाबसिंगच्या ओट्यावर जाऊन बसतो. सोयरीक जुळवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही. आपण जमवलेलं एकही लग्न मोडलं नाही, हे तो चहा पिता पिता सांगतो आणि चहा संपला तरी सांगतच राहतो. म्हणून पावसानं ओढ दिली की बेडकांचं लग्नही गावानं त्याच्याचकडे सोपवलं. नवरदेव शेजारच्या धरमसिंगनं धरायचा, नवरी गुलाबसिंगनं, असा रिवाजच पडला.

औंदा त्यानं नाल्याच्या डबक्यातून पिवळाधमक बेडूक धरून आणला. बादली पुढं करून मला म्हणतो, "पाह्य, हळद लावायची बी गरज नाही. देवानंच लावून धाडली." आता रूप म्हणाल तर खरंच दृष्ट काढावी असं.

त्याची नात सुकेशनी वाशिमच्या कॉलेजात बायलॉजी शिकते. सुट्टीला आली होती. तिनं बेडूक उचलून उलटा केला आणि हसत ओट्यावरच बसली.

"आबा, हा तं नवरदेव हाये."

"काहून?"

"मोसमात नरच असा पिवळा होते. गळ्याजवळच्या ह्या निळ्या पिशव्या पाहा, ह्याच फुगवून तो आरडते. मादी अशी आरडत नाही."

"गडी आरडते अन् बाई चूप? कोण्या गावचं हाये हे?"

"धरमआबाचा बी पिवळाच हाये. मी पाहून आली."

गुलाबसिंगनं बेडूक हातात घेऊन स्वतः उलटा करून पाहिला. तो दर वेळी पिवळीच नवरी पाहून आणत होता. संध्याकाळी लग्न, धरमसिंगच्या अंगणात मांडव पडलेला. गुलाबसिंग दोन नवरदेव बोहल्यावर चढवतो, ही गोष्ट धरमसिंगनं केनवडच्या बाजारापर्यंत पोचवली असती. मग गुलाबसिंगच्या शब्दावर पोरगी कोण देणार?

आम्ही तिघं डबक्यावर गेलो. "आरडते ते सोडा. चूप बसलेलं पाहा," सुकेशनी म्हणाली. चिखल तुडवता तुडवता तिची शिकवणी चालूच होती. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्याच्या काळजाला तीन खोल्या असतात.

"तीन खोल्या म्हणजे घर बरं हाये," गुलाबसिंग म्हणाला. तेवढ्यात मातकट रंगाची, मोठ्या पोटाची एक मादी सापडली.

मांडवात धरमसिंगनं नवरीच्या परातीत पाहिलं.

"गुलाबभाऊ, पोरगी काळी हाये. अन् आमच्या पोराच्या दीडपट हाये."

"खात्यापित्या घरची हाये."

"आमाले पसंत नाही. मागच्या सालासारखी पिवळी आणा."

बाया पदरात तोंड लपवून हसू लागल्या. भटजींनी मुहूर्त टळतो म्हणून अंतरपाट धरायला लावला. पहिलं मंगलाष्टक अर्ध्यावर असतानाच नवरदेवानं अंतरपाटाखालून उडी घेतली, थेट नवरीच्या पाठीवर बसला आणि तिला पुढच्या पायांनी गच्च आवळलं. धरमसिंगच्या पोरांनी ओढून पाहिलं. सुटेना.

"नराच्या अंगठ्याले गादी असते, धरून ठेवाले," सुकेशनी म्हणाली. "अंडी देईस्तोवर सोडत नाही तो."

आता गुलाबसिंग छाती काढून पुढं आला. "धरमभाऊ, पोरानं पसंत केली. बापाचं काय म्हणणं हाये?"

धरमसिंगनं मुकाट्यानं अक्षता टाकल्या.

जोडी ढोरांच्या हौदात सोडली. सकाळी पाण्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी तरंगत होती. त्यांतून शेपटीवाली पिल्लं निघाली, आधी मागचे पाय आले, मग पुढचे. पावसाचं म्हणाल तर तो आपल्या मर्जीनं आला. पण गुलाबसिंग आता स्थळ विचारायला येणाऱ्याला ओट्यावर बसूच देत नाही. परवा अनसिंग गावचा एका पोरीचा बाप त्याच्या मागं मागं हौदावर गेला.

"हे पाह्य," गुलाबसिंग म्हणाला, "हे बी मीच जमवलेलं. शेपटी जिरून राह्यली आता."

"ते ठीक हाये भाऊ. पण आमच्या पोरीचं?"

"पोरगी बोलकी हाये का चूप?" गुलाबसिंगनं विचारलं.