कंबरदुखीचं घराणं

आमच्या घराण्यातले पुरुष कंबरदुखीने जातात, असं आम्ही अगदी बिनदिक्कत सांगायचो. आधी आजोबांनी अंथरूण धरलं, मग वडिलांनी. वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो हाडांत उतरला होता, हे नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. तरी पाहुण्यांना आम्ही कंबरच सांगत राहिलो. लघवीच्या जागेचं दुखणं चारचौघांत कोण बोलणार?

बोलली ती आत्या. वडिलांच्या वर्षश्राद्धाला ती पुसेगावहून आली होती. पुरुषांची पंगत बसलेली, ती वरण वाढत होती. माझ्यासमोर येऊन थांबली.

"तुह्या आजाला मोरीत तास तास लागत होता. मंग कंबर धरली. तुह्या बापाचंबी तसंच झालं. तू तपासून घेतलं का?"

सगळ्यांच्या माना पत्रावळीत. शेजारी माझे जावई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला काही तकलीफ न्हाई, आत्या," मी चिडून म्हणालो.

"तुह्या बापालाबी आधी नव्हती." ती जागची हलेना. "जातो म्हण, मंग पुढं वाढते."

जातो म्हणालो, ते निव्वळ पुढच्यांना वरण मिळावं म्हणून. पण बाई पिच्छा सोडेल तर शपथ. रोज फोन. शेवटी वैतागून नांदेड गाठलं. आजोबा-वडिलांचं ऐकून डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, मग प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. पण तो अजून प्रोस्टेटच्या बाहेर पसरला नव्हता. ऑपरेशन झालं.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. आलो कुठला, मला हाकललं होतं. धाकट्या भावालाही तपासून घ्यायला सांगा, असं ते म्हणाले, तोवर आत्याचे फोन त्याच्याकडे सुरू झालेच होते.

परवा ती हिंगोलीला घरी आली. मुलगा, सून, सगळे बसलेले. चहा हातात घ्यायच्या आधीच तिने विचारलं, "पेशाब बराबर होऊन राहिली का?"

"व्हय आत्या, बराबर," मी सगळ्यांदेखत सांगितलं आणि वाकून तिचे पाय धरले. हे आयुष्य तिनेच मला दिलंय.

तिने मला उठवलंच नाही. डोक्यावर हात ठेवून रडायला लागली.

"माह्या भावाला कुणी इचारलंच न्हाई रे," ती म्हणाली.