आटलेला पडदा

तिला सगळे पडदेवाली म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं शिलाई मशीन होतं, आणि आल्यागेल्याने पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडावा इतकं कापड पसरलेलं असे. नवरा घड्याळजी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं एवढंसं दुकान. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू हुडकणाऱ्या या माणसाला घरी नाकासमोरचा चष्मा सापडत नसे. त्याच्या डाव्या टाचेला एक भेग होती, तेल लावून लावून ती थकली तरी न मिटणारी. पायमोजे तेवढे रफू करून घ्या, टाच माझ्या हातची नाही, असं ती म्हणायची.

देवावर तिचा विश्वास साधा होता, मशीन सुरू करण्याआधी डोळे मिटून दोन शब्द बोलण्याइतका. प्रार्थनेचा दिवस ती चुकवत नसे. प्रार्थनाघरात पुरुष पुढे, बायका मागे आणि मध्ये छतापासून जमिनीपर्यंत पडदा. प्रवचन त्या पडद्यातून यायचं. इतकी वर्षं ऐकून ऐकून तिच्या लेखी प्रवचनकार म्हणजे एक बोलणारं कापडच झालं होतं.

जुना पडदा विरला तेव्हा नवा शिवायचं काम आपसूकच तिच्याकडे आलं. सुती कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, मगच बेतायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण प्रार्थनाघराच्या चिटणीसांनी घाई लावली होती आणि आभाळ भरलेलं. एवढं कापड वाळणार कुठे? तिने ते तसंच कापलं. व्हायचं ते झालं. पहिल्याच धुण्यात पडदा आटला. दांडीवर चढवला तर जमिनीपासून चांगला वीतभर वर. तिने ओशाळून चिटणीसांना सांगितलं. ते म्हणाले, या वेळी राहू द्या, पुढे पट्टी लावा.

त्या प्रार्थनेला खाली बसलेल्या बायकांना फटीतून पुरुषांचे पाय दिसले. पलीकडे, व्यासपीठावर, प्रवचनकारांचेही. देवाच्या धाकाबद्दल बोलताना आवाज घुमत होता, आणि पायाची बोटं मात्र आकसून सतरंजीला घट्ट धरून होती. तिला वाटलं, अरे, हेही घाबरतात. त्या दिवशी तिचं मन प्रार्थनेतून जरासुद्धा हललं नाही.

ही गंमत तिने भाचीला सांगितली. बहीण गेल्यावर तिनेच वाढवलेली ही पोर आता वर्तमानपत्रात लिहायची. दोघी चहा पिता पिता पोट धरून हसल्या. आणि पुढच्याच आठवड्यात भाचीचा लेख आला. त्यात लिहिलं होतं की माझ्या मावशीने पडदा मुद्दाम आखूड शिवला, बायकांना वीतभर उजेड मिळावा म्हणून.

लेख वाचून पडदेवालीने वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती कापडाच्या ढिगाखाली सरकवली.

आधी शेजारणीने जिन्यात बोलणं टाकलं. मग शिवायला टाकलेले पडदे बायका न शिवता परत नेऊ लागल्या, कुणाची जाऊ आली होती, कुणाचा बेत बदलला होता. एका सकाळी दुकानाच्या शटरवर काळा रंग फासलेला होता. नवऱ्याने तो पुसला. संध्याकाळी तेवढं म्हणाला, "तुझ्या भाचीला हे शहाणपण कुणी सांगितलं होतं?" जिन्यावर पाऊल वाजलं की मशीन थांबवून ती ऐकत बसायची, पाऊल वर चाललंय की आपल्या दाराशी थांबतंय.

एका दुपारी ते दाराशी थांबलं. चिटणीस होते. पाणी मागितलं, मशीनचं कौतुक केलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या प्रार्थनेला तिने सगळ्यांसमोर बोलायचं, असं ते म्हणाले. कापड आटलं हे सांगायचं. भाचीने खोटं लिहिलं हे सांगायचं. आणि या लेखाने आपल्या धर्माचा अपमान झाला, माझं मन दुखावलं, हेही. तेवढं कानावर पडलं की मंडळी पोलिसांत जाणार होती. घरच्याच बाईची तक्रार म्हटल्यावर पोलीस त्याच दिवशी भाचीला उचलतील, हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं.

"बाईचा आवाज पडद्याबाहेर जात नाही ना?" तिने चाचरत विचारलं.

"या वेळी जाईल, वहिनी. माईक देऊ. पडदा तोवर तसाच राहील, पुरावा म्हणून." जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाले, "घड्याळाचं दुकान आहे तुमचं. काच फार असते नाही त्यात?"

तिने भाचीला फोन लावला. भाचीने नेहमीच्या आवेशात सुरुवात केली.

"मावशी, तू म्हण मुद्दामच केलं. सगळ्या बायका तुझ्या मागे उभ्या राहतील."

"माझ्या मागे भिंत आहे गं, आणि पुढे चिटणीस. आणि देवासमोर खोटं बोलू? मला न विचारता माझ्या तोंडी घातलंस ते. माझं तोंड काय तुझी वही आहे?"

 पलीकडून भाचीचा लहानपणी दिवे गेल्यावर यायचा तसला आवाज आला.

"चुकलं माझं. खोलीबाहेर कालपासून दोन माणसं उभी आहेत, मावशी. मला भीती वाटते."

प्रार्थनेच्या दिवशी ती नेहमीच्या जागी बसली. आजूबाजूची जागा मोकळीच राहिली. प्रवचन संपलं, आणि त्याच फटीतून एका हाताने माईक आत सरकवला. तो उचलताना पदर त्याला घासला आणि ती खरखर वरच्या कर्ण्यातून साऱ्या प्रार्थनाघरात गेली. 

"कापड मी भिजवलं नाही, म्हणून आटलं," ती म्हणाली. "चूक माझी. भाचीने लिहिलं मी मुद्दाम केलं. ते खरं नाही, तिलाही मी ते सांगितलंय."

पलीकडे समाधानाची कुजबुज झाली. इथेच थांबावं असं तिच्या अंगातलं सगळं रक्त सांगत होतं.

"पण माझं मन दुखावलं असं मला म्हणता येणार नाही. ते खोटं होईल. मी त्या फटीतून पाहिलं. त्या दिवशी माझी प्रार्थना जशी लागली, तशी कधीच..."

आपला आवाज एकदम बारीक झाल्याचं तिला जाणवलं. माईक बंद केला होता. कुठवरचं बाहेर गेलं आणि कुठपासूनचं तिच्याजवळच राहिलं, हे कळायला मार्ग नव्हता. तिने वाक्य तसंच, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं, पुरं केलं.

मग खुर्च्या सरकल्या. वर काही बघायची सोय नव्हती म्हणून ती फटीकडे बघत राहिली. पलीकडचे पाय एकेक करून वळले. सगळी बोटं तिच्याकडे. चिटणीसांचे पुढे होते, त्यांच्यामागे आणखी, मग आणखी, आणि ते जवळ येत होते. 

इतक्यात बाजूने दोन पाय लगबगीने आले आणि अगदी पडद्याला खेटून थांबले. बाकी सगळ्यांची बोटं तिच्याकडे होती. यांच्या टाचा. डाव्या टाचेला भेग होती, सकाळीच तिने तेल लावलेली.

त्या टाचा थरथरत होत्या. पण जागच्या हलल्या नाहीत.