जांभळ्या लुगड्याची मैना

नाव चतुराबाई, पण चतुराई एवढीच, की समोरच्याला दोन वाक्यांत नाराज करावं. अकोल्याच्या एका सरकी काढायच्या जिनात ती कापूस निवडायची. ढिगातली बारीक काडी तिला लांबून दिसे. माणसाचं तोंड मात्र तिला एकसंध असं कधी दिसलंच नाही. दात वेगळे, गोंदण वेगळं, नाकाचा शेंडा वेगळा. सगळं एकदम अंगावर येई, म्हणून ती खाली बघे. बाया म्हणत, "गर्व पाहा वं हिचा!" कसला गर्व? बिचारी माणसं लुगड्यांवरून ओळखायची. जांभळं लुगडं, पिवळा काठ म्हणजे शेजारची मैनाबाई. वस्तीत हिच्याशी दोन शब्द बोलणारी ती एकटी.

धम्म घेऊन दुसरं वर्ष चाललं होतं. वैशाखी पौर्णिमेच्या वंदनेला सगळ्या बायांनी पांढरी लुगडी नेसायचं ठरलं. ऊन असं, की चुन्याच्या भिंती डोळ्यांत खुपाव्यात. त्यात ही पांढरी रांग, वर कर्णा कोकलतोय. चतुराबाईला माणसं दिसेचनात, नुसता उजेड टोचत होता. डोळ्यांवर पदर ओढून ती समोरच्या बाईला वळसा घालून निघाली.

ती बाई मैनाबाई होती. महिन्यापूर्वीच तिचा नवरा वारला होता. त्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. मैत्रिणीकडे दोन पावलं आली होती, पण तोंडून शब्द फुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तो फुटला.

"काहून वं चतुरे, रांडवलेल्या बाईचं तोंड पाह्यलं तं इटाळ होते काय तुले? जुने देव सोडले, अन् हे नाई सोडलं?"

"मले तू दिसलीच नाई. सारं पांढरंच होतं."

"वा वं माय! कापसातली काडी दिसते, अन् मी नाई दिसत?"

शेजारी पाणी शेंदणारी जाईबाई फिसकन हसली. तोंडाळ बाई, तिच्यामुळं संध्याकाळपर्यंत गोष्ट साऱ्या वस्तीत पोचली. चतुराबाईनं तेच पुन्हा म्हटलं. मैनाबाईनं घागर उचलली अन् ती मागं न बघता निघून गेली.

पुढे मैनाबाई तेल्हाऱ्याला भावाकडे राहायला गेली. जाताना जुनी लुगडी भांडेवालीला देऊन एक पातेलं घेऊन गेली.

दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारात चतुराबाईला अचानक जांभळं लुगडं दिसलं. पिवळा काठ! ती मागं मागं चालू लागली. भाजीची दुकानं गेली, बांगडीवाले गेले. इतक्या महिन्यांत घोकून तयार केलेलं वाक्य तिच्या ओठांवर होतं. शेवटी तिनं पदर धरला.

बाई वळली. "कोण वं तू? पदर सोड ना!"

आवाज परका होता. चतुराबाईनं वर पाहिलंच नाही. काठाजवळ पिवळ्या दोऱ्याचा तिरपा टाका होता. मैनाबाईनंच एकदा चतुराबाईसमोर बसून घातलेला.

"मैना, म्या तुले टाळलं नाई वं," ती त्या टाक्याला म्हणाली.

बाईनं हिसका देऊन पदर सोडवून घेतला.